फायनल इयर, मास्टर्सचे फॉर्म आणि सरांची सही

दिवाळी संपली की माझा इनबॉक्स बदलतो. एरवी 'कुठली ब्रँच घेऊ' विचारणारे बारावीवाले असतात, नोव्हेंबर लागला की सगळे फायनल इयरवाले येतात आणि प्रत्येकाच्या मेलमध्ये एक वाक्य असतंच, ताई फार उशीर झाला का. काहीजणांना झालाय खरंतर. पण बहुतेकांचं घोडं अभ्यासात अडलेलं नाहीये, कुणाला तरी काहीतरी विचारायचंय आणि ते विचारायला जीभ रेटत नाहीये, तिथे अडलंय. यावेळी सहा पत्रं घेतलीत. नावं छापत नाही, निम्म्यांनी 'आमच्या सरांना कळेल हो' म्हणून हात जोडलेत.

ताई, मी सांगलीजवळच्या एका कॉलेजात बीई मेकॅनिकल लास्ट इयरला आहे. अमेरिकेत एमएससाठी सहा ठिकाणी अप्लाय करतोय, पहिली डेडलाईन १५ डिसेंबर. तीन रेकमेंडेशन लेटर लागतात. एचओडी (विभागप्रमुख) सर म्हणाले तूच लिहून आण, मी सही करतो. दुसरे सर म्हणाले माझा कॉलेजचा ईमेल आयडी चालत नाही, तूच माझ्या नावाने एक जीमेल काढ आणि अपलोड करून टाक. मित्र म्हणतात सगळे असंच करतात. करू का?

दुसऱ्या सरांचं आधी बघू. नको करूस. सगळे करतात हे मलाही माहितीये, तरी नको. सरांच्या नावाने तू जीमेल काढलास म्हणजे ती खोटी सहीच झाली, आणि तुझा फॉर्म आणि सरांचं लेटर दोन्ही तुझ्याच लॅपटॉपवरून जाणार, एवढं न कळण्याइतके ते लोक भोळे नाहीत. ॲडमिशन मिळाल्यावर उघड झालं तरी ती रद्द होऊ शकते, तेव्हा घरच्यांना काय सांगणार. आणि 'आयडी चालत नाही' याचा अर्थ दहातल्या नऊ वेळा 'पासवर्ड विसरलोय' एवढाच असतो. कॉलेजची वेबसाईट आणि ईमेल जे बघतात त्यांच्याकडे जा, हे बहुतेक कॉम्प्युटर लॅबचेच कुणीतरी असतात, सरांना बरोबर घेऊन जा, दहा मिनिटांचं काम आहे. मी स्वतः एका सहकाऱ्यांचा आयडी असा उघडून दिलाय, आत बाराशे न वाचलेले मेल होते आणि त्यात दोन वर्षांपूर्वीच्या एका मुलाची लेटरची लिंक पण होती. बिचारा.

आता एचओडी सर. 'तूच लिहून आण' म्हणणारे सर आळशीच असतात असं नाही, साठ-सत्तर पोरांचा वर्ग, कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकची कागदपत्रं, त्यात इंग्रजीत दोन पानं लिहायची, आणि खरं सांगू का, बऱ्याच जणांना त्या इंग्रजीचंच टेन्शन असतं आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. पण तू लिहिलंस तर होतं काय की तिन्ही लेटरं एकाच हाताची होतात, तीच विशेषणं, हार्डवर्किंग, सिन्सिअर, टीम प्लेअर, आणि तीच चूक तिन्हीकडे. वाचणाऱ्याने आयुष्यात अशी हजारो वाचलेली असतात.

म्हणून ड्राफ्ट नेऊ नकोस, मुद्दे ने. एक पान, मराठीत असलं तरी चालेल. मी आता शिकवते, टेबलाच्या पलीकडे बसते, दरवर्षी बरीच लेटरं लिहिते, त्यामुळे काय उपयोगी पडतं ते सांगू शकते. मागे एक विद्यार्थिनी आली, कागदावर चारच गोष्टी. त्यातली एक अशी होती: 'मॅडम, सेकंड इयरला हॉल इफेक्टचं प्रॅक्टिकल होतं, सँपल एन-टाईप होतं पण रीडिंग पी-टाईपचं, म्हणजे उलट्या चिन्हाचं, येत होतं, तुम्ही म्हणालात वेळ नाहीये, जर्नलमध्ये चिन्ह बदलून टाक. मी दोन दिवस थांबून शोधलं, मॅग्नेटच्या कॉइलच्या वायरी उलट्या जोडलेल्या होत्या.' मला आठवलंच. लाजही वाटली, कारण रीडिंग बसवायला मीच सांगितलं होतं. पण ते लेटर मला लिहावं लागलंच नाही, आपोआप उतरलं, कारण सगळा वर्ग रीडिंग बसवत असताना एक मुलगी थांबते हे सांगायला विशेषण कशाला लागतं.

तसं तुझ्याकडे काय आहे ते शोध. प्रोजेक्टमध्ये काय फसलं आणि तू काय केलंस, ग्रुपमधल्या चारातलं नेमकं तुझं काम कुठलं (ब्लॅक बुकात, म्हणजे प्रोजेक्टच्या रिपोर्टात, चौघांची नावं असतात, काम कुणी केलं हे सरांना माहीत असतं), कुठल्या सेमला केटी लागली, म्हणजे विषय राहिला, आणि कशी सोडवली. मार्क नको लिहूस, ते ट्रान्सक्रिप्टमध्ये आहेत. सरांना म्हण, सर मी ड्राफ्ट नाही आणला पण आठवायला सोपं जावं म्हणून हे लिहून आणलंय, तुम्ही सांगाल तर मी समोर बसून टाईप करतो. सर बोलतील, तू टाईप कर, शेवटी वाचून दुरुस्त ते करतील आणि अपलोड त्यांच्याच आयडीवरून ते करतील. हा त्यातल्या त्यात प्रामाणिक रस्ता आहे आणि आपल्याकडे चालतो.

अजून दोन बारीक गोष्टी. फॉर्ममध्ये एक चौकोन येईल, हे लेटर बघण्याचा हक्क तुम्ही सोडता का. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक कागदपत्रं बघायचा हक्क आहे, म्हणून ते विचारतात. सोडतो म्हण. हक्क न सोडलेल्या लेटरला वजन कमी असतं कारण लिहिणाऱ्याचा हात अडखळला असणार असं धरतात. आणि सहा युनिव्हर्सिट्या म्हणजे प्रत्येक सरांना सहा वेगळ्या लिंक जाणार, त्यातल्या निम्म्या स्पॅममध्ये पडणार. डेडलाईनच्या आठ-दहा दिवस आधी चहाच्या वेळेला जाऊन सरांच्या शेजारी उभा राहा आणि सगळ्या लिंक एकत्र काढून दे. लाज वाटते? मलाही वाटायची. तीन वेळा आठवण करणं हा त्रास देणं नाही, चौथी वेळ मात्र फोनवर नको.

तिसरं लेटर कुणाचं ते तू लिहिलंच नाहीस. प्रिन्सिपॉल असतील तर सोडून दे, ज्या लॅब इन्चार्जने तुला रोज बघितलंय त्याला विचार.

ताई, टीवाय बीएस्सी फिजिक्स, नाशिक. आयआयटीत एमएस्सीला जायचं म्हणून जॅम या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरलाय. घरचे म्हणतात त्यापेक्षा डायरेक्ट अमेरिकेला का नाही ट्राय करत. तीन वर्षांच्या बीएस्सीवर तिकडे घेतात का? आणि सेमची परीक्षा, प्रॅक्टिकल, जॅम सगळं एकदम कसं करू, मला आत्ताच धडधडायला लागलंय.

तीन वर्षांच्या डिग्रीवर तिकडच्या पुष्कळ युनिव्हर्सिट्या मास्टर्सला घेत नाहीत, त्यांना चार वर्षांची बॅचलर डिग्री लागते. काही घेतात. एकाच युनिव्हर्सिटीत एक डिपार्टमेंट हो म्हणतं आणि दुसरं नाही म्हणतं. त्यामुळे शेजारच्या काकूंचा भाचा गेला हा पुरावा धरू नकोस, डिपार्टमेंटच्या ग्रॅज्युएट ॲडमिशनचा ईमेल पत्ता साईटवर असतो, चार ओळींचा मेल टाक. माझ्या वेळी मी हे न विचारता दोन ठिकाणी फी भरून बसले होते, आणि अर्जाची फी म्हणजे साधारण ७५ ते १२५ डॉलर एकेका ठिकाणी, परत मिळत नाही. फिजिक्सवाल्यांनी आपल्याकडे एमएस्सी करून मग पीएचडीला जाणं हा वळसा वाटतो पण वळसा नाहीये.

जॅमचं सांगते, कारण मी ती दोनदा दिलीये, म्हणजे एकदा आपटलेय. पेपर तीन तासांचा, ६० प्रश्न, १०० मार्क. पहिल्या ३० प्रश्नांत एकच उत्तर बरोबर असतं आणि चुकलं तर मार्क कापतात, एक मार्काला एक तृतीयांश, दोन मार्कांना दोन तृतीयांश. मग १० प्रश्न जिथे एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात, तिथे निगेटिव्ह नाही पण अर्धवट बरोबर आलं तर अर्धे मार्कही नाहीत. उरलेले २० नुसता आकडा टाईप करायचे, तिथेही निगेटिव्ह नाही. या शेवटच्या वीसांत आपली पोरं मार खातात कारण आपल्याला युनिव्हर्सिटीच्या पेपरात 'डिराइव्ह' करायची सवय, शेवटी आकडा काढून बघायची नाही. स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर माऊसने चालवायचा असतो, तो फार चिडवतो, त्याचीही प्रॅक्टिस लागते, हसू नकोस.

मी पहिल्या वेळी काय केलं तर मेकॅनिक्स आवडतं म्हणून तीन महिने मेकॅनिक्सच केलं. लॅग्रांजियन वगैरे, जे सिलॅबसमध्येही नव्हतं. थर्मो आणि सॉलिड स्टेट 'जानेवारीत बघू' म्हणून ठेवलं आणि जानेवारीत कॉलेजने इंटर्नल लावल्या. दुसऱ्या वर्षी उलटं केलं, जुने पेपर आधी सोडवले, वेळ लावून, आणि जिथे रक्त निघालं तिथला धडा मग वाचला. जुने पेपर जॅमच्या साईटवर फुकट आहेत, त्यासाठी क्लास लागत नाही.

धडधडीबद्दल. जॅम फेब्रुवारीत, तुझी सेमची थिअरी तोपर्यंत आटपलेली असेल किंवा नंतर असेल, दोन्हीचा सिलॅबस निम्म्याहून जास्त तोच आहे. खरा घोळ जर्नल आणि सबमिशनचा असतो. ते डिसेंबरच्या आत पूर्ण करून सही घेऊन ठेव, डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागलं की फेब्रुवारीचा एक आठवडा त्यात जातो. टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा डिसेंबरात असते, फिजिक्सवाल्यांची जेस्ट ही परीक्षाही आहे, जमलं तर त्याही दे, निदान परीक्षेच्या खोलीत बसायची सवय होते.

मॅडम, माझ्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं नाव असं आहे, आणि शेवटी आईचं. पासपोर्टवर फक्त नाव आणि आडनाव. अमेरिकेच्या ॲडमिशनसाठी जीआरई परीक्षेचा फॉर्म भरताना कुठलं टाकू? (कोल्हापूर)

पासपोर्टवरचं. डोळे मिटून पासपोर्टवरचं, स्पेलिंगसकट. जीआरई, टोफेल, आयईएल्ट्स, युनिव्हर्सिटीचा फॉर्म, सगळीकडे तेच एक.

महाराष्ट्रातल्या पोरांचा हा घोळ पिढीजात आहे. आपल्या मार्कशीटवर आडनाव पुढे येतं, तिकडचा क्लार्क पहिला शब्द बघून तेच तुझं नाव समजतो. मला तिकडे पहिलं वर्षभर सगळे आडनावाने हाक मारायचे आणि मी शाळेत पीटीच्या तासाला उभी आहे असं वाटायचं. गंमत सोड, पण माझ्या एका मार्कशीटवर वडिलांच्या नावात एक 'ए' जास्त होता, तो काढायला विद्यापीठाच्या तीन खिडक्या फिरले, एका खिडकीवर अर्ज, दुसरीवर चलन, तिसरीवर 'जेवणाची सुट्टी'. तीन आठवडे गेले. त्यामुळे स्पेलिंग चुकलेलं असेल तर आज दुरुस्तीला टाक, ट्रान्सक्रिप्ट काढायच्या आधी. नुसता क्रम उलटा असेल तर घाबरू नकोस. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं एक प्रतिज्ञापत्र करून ठेव, शंभरातल्या नव्वद जणांना लागत नाही.

जाताजाता, जीआरई लागतेच का हेही तपास. २०२० नंतर पुष्कळ डिपार्टमेंट्सनी ती काढून टाकली किंवा ऐच्छिक केली. लागत असेल तर सप्टेंबर २०२३ पासून ती दोन तासांच्या आत संपते, स्कोअर पाच वर्षं चालतो. फी वीस हजारांच्या वर आहे, म्हणून आधी यादी बघ आणि मगच कार्ड काढ.

ताई, माझे वडील एसटीत कंडक्टर आहेत. माझं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग फायनल इयर, ८.६ सीजीपीए. मला एमएसला जायचंय. एका कन्सल्टन्सीवाल्याने ४५ लाखांचं लोन करून देतो म्हणून सांगितलं, त्याची फी पण नाही. बाबांना अजून बोललो नाही. त्यांना वाटतंय मी प्लेसमेंटची तयारी करतोय. (सोलापूर)

तुझं पत्र मी चारदा वाचलं. शेवटची दोन वाक्यं तर जास्तच.

कन्सल्टन्सी फुकट असते तेव्हा तिला पैसे दुसरीकडून मिळत असतात. अनेकांचे काही युनिव्हर्सिट्यांशी करार असतात, तू तिथे गेलास की त्यांना कमिशन. मग ते तुला जिथे कमिशन आहे तिथेच पाठवणार, आणि त्याचं लोनही तेच 'करून देणार'. सगळेच वाईट असं म्हणत नाही, पण त्याने दिलेली कॉलेजची यादी आणि तू स्वतः काढलेली यादी शेजारी ठेवून बघ.

४५ लाख म्हणजे काय ते कागदावर मांड. शिकत असताना हप्ता नसतो, हे सगळे सांगतात. व्याज चालू असतं, हे हळू आवाजात सांगतात. समज १० टक्के धरले तर पूर्ण रक्कम उचलल्यावर वर्षाला साडेचार लाख नुसतं व्याज. दोन वर्षांनी नोकरी लागेपर्यंत डोक्यावर ४५ नाही, पन्नासच्या वर असतात. आणि एवढ्या मोठ्या रकमेला बँक बहुतेक वेळा तारण मागते, म्हणजे गावचं घर किंवा जमीन. त्या कागदावर सही नुसती तुझी नाही, बाबांचीही असणार. म्हणून त्यांना न सांगता यातलं काहीच पुढे जात नाही, आणि सांगशील तेव्हा 'मला अमेरिकेला जायचंय' असं नको, आकडा घेऊन जा. ज्या माणसाने आयुष्यभर दिवसाच्या शेवटी तिकिटं आणि रोकड जुळवली त्याला हिशोब तुझ्या-माझ्यापेक्षा चांगला कळतो.

आता बाकीचे रस्ते. जर्मनीत बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत ट्युशन फी नाही (बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहे). पण फुकट नाही, व्हिसासाठी एका वर्षाचा खर्च खात्यात अडकवून दाखवावा लागतो, सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ युरो झाली. हे पैसे तुझेच, महिन्याला थोडे थोडे काढून वापरायचे. शिवाय एपीएस नावाचं कागदपत्र तपासणीचं सर्टिफिकेट भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे, त्याला वेळ लागतो, ते आधी. युरोपातच इरास्मस मुंडसचे जॉइंट मास्टर्स आहेत, निवड झाली तर फी माफ आणि महिन्याला १४०० युरो, पण स्पर्धा फार.

इथेच राहायचं तर गेट, म्हणजे एमटेकची प्रवेश परीक्षा, दे. स्कोअर तीन वर्षं चालतो आणि गेटवर एमटेकला ॲडमिशन मिळाली तर महिन्याला १२,४०० रुपये मिळतात, श्रीमंत होणार नाहीस पण घरी मागावे लागत नाहीत. अमेरिकेतच जायचं डोक्यात पक्कं असेल तर एमएसऐवजी पीएचडीचा विचार करून बघ, तिथे साधारणपणे फी माफ असते आणि शिकवण्याच्या किंवा रिसर्चच्या कामाचे पैसे मिळतात, पण ती पाच-सहा वर्षं आहेत, पैसे वाचतात म्हणून जाऊ नये, मी अशी माणसं बघितलीत, तिसऱ्या वर्षी फार वाईट दिसतात.

शिष्यवृत्त्या पण बघ. तू अनुसूचित जातीतला असशील तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी वेगळ्या योजना आहेत, उत्पन्नाची आणि युनिव्हर्सिटीच्या जागतिक क्रमवारीची अट असते, त्या वर्षीची जाहिरात नीट वाच. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणाला कर्जाऊ शिष्यवृत्ती देतंय, ते सगळ्यांना खुलं आहे.

आणि प्लेसमेंटला बस. सीजीपीए चांगला आहे, ऑफर घे, दोन वर्षं काम कर, थोडे पैसे बाजूला टाक, मग जा. दोन वर्षांनी तुझा अर्ज कमजोर होणार नाहीये. तुझ्या वर्गातला जो याच वर्षी जाईल त्याचे बर्फातले फोटो बघून पोटात कालवाकालव होईल हे मात्र धरून चाल.

ताई, एसओपीचं, म्हणजे मास्टर्सच्या अर्जासोबतच्या 'मला का यायचंय' या निबंधाचं, पहिलं वाक्य सुचत नाहीये. 'लहानपणापासून मला मशीन उघडून बघायची आवड होती' चालेल का? एआयकडून लिहून घेतलं तर पकडतात का? (पुणे)

नाही चालणार. वर्षाला किती पोरांनी लहानपणी रेडिओ उघडला असेल, एवढे रेडिओ महाराष्ट्रात विकले तरी गेले असतील का.

आनंदीबाई जोशींनी १८८३ साली पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं होतं. अठरा वर्षांची कल्याणची मुलगी, अमेरिकेत नुकतीच पोचलेली. त्यात आपण प्रवेशाच्या सगळ्या अटी पुऱ्या करत नाही हे ती सरळ सांगून टाकते, जातवाल्यांच्या आणि मित्रांच्या विरोधाला न जुमानता इथवर आले हे सांगते, आणि कशासाठी आले तर माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात म्हणून, एवढं. बालपणीच्या आवडीबिवडी नाहीत. १८८६ मध्ये ती तिथून डॉक्टर होऊन बाहेर पडली. एसओपी म्हणजे तरी दुसरं काय असतं, काय येतं, काय येत नाही, आणि तुमच्याकडेच का यायचंय.

म्हणून पहिल्या वाक्याच्या मागे लागू नकोस. प्रोजेक्टमधला तो प्रसंग घे जिथे तुला कळलं की आपल्याला हे येत नाही आणि कॉलेजमध्ये शिकवणारंही कुणी नाही. तिथून सुरू कर. प्रोजेक्ट दुकानातून विकत आणलेला असेल तर मात्र माझ्याकडे उपाय नाही, तुझ्या वर्गातल्या ग्रुपांपैकी किती जणांनी आणलाय ते तुला माहितीये आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकालाही.

एआयचं म्हणशील तर व्याकरण तपासून घे, बाकी त्याने लिहिलेलं मी एका आठवड्यात पाच जणांचं वाचलं, पाचही जण एकाच आईची लेकरं वाटत होती.

नमस्कार ताई. मी जळगावहून लिहितेय, मुलगी पुण्यात होस्टेलवर असते, एमएस्सीसाठी कसल्या कसल्या परीक्षा देतेय. फोन केला की दोन मिनिटांत ठेवते. रात्री तीन तीनपर्यंत जागते, दिवाळीला आली तर गळ्याची हाडं दिसत होती. मेसचं जेवण आवडत नाही म्हणते. मामा म्हणतात स्थळं बघा. मला तिचं काय चाललंय तेच कळत नाही, विचारलं तर चिडते.

ताई, तुम्ही 'विचारलं तर चिडते' लिहिलंत. काय विचारता ते लिहिलं नाहीत. माझी आई रोज एकच विचारायची, झाला का अभ्यास. त्याला उत्तर नसतं हो, अभ्यास कधी होतच नाही. मग मीही दोन मिनिटांत फोन ठेवायचे.

त्याऐवजी तिला तारखा विचारा. कुठली परीक्षा कुठल्या तारखेला, निकाल कधी, आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा, दुधाचा हिशोब लिहितो तिथेच. परीक्षा मुख्यतः डिसेंबर ते मार्चमध्ये आहेत, मग निकाल आणि ॲडमिशनच्या याद्या जूनपर्यंत चालतात. म्हणजे हे असं घर अजून सात-आठ महिने राहणार आहे हे धरून चाला, आणि त्या काळात एखादा निकाल वाईट येईल तेव्हा तिने आधी तुम्हाला फोन करावा एवढं जमवा, बाकी सगळं तिचं ती बघेल. मामांना जुलैची तारीख द्या. मामा जुलैपर्यंत विसरतील, नाहीतर तोपर्यंत तिची ॲडमिशन झालेली असेल.

जागरणाचं, सगळे जागतात, रूममध्ये दिवे लवकर जात नाहीत. पण वजन उतरणं, फोन टाळणं आणि झोप न लागणं हे तिन्ही एकत्र असेल, आणि ती 'काही उपयोग नाही' असं बोलायला लागली तर परीक्षेची वाट न बघता पुण्याला जा. न कळवता नको, कळवून जा, एक रात्र राहा, तिला मेसबाहेर जेवायला न्या, डॉक्टरला दाखवायचं असेल तर बरोबर जा. 'टेलिमानस' म्हणून सरकारची फोन सेवा आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं, रात्रीही लागते. तो नंबर तिला द्या आणि स्वतःकडेही ठेवा.

आणि तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय की डिंकाचे लाडू पाठवले तर तिला राग येईल का. नाही येणार. फक्त डबा मोठा पाठवा, रूममध्ये तिघी असतील तर तिच्या वाट्याला त्यातला तिसरा हिस्साच येतो.